दार कुठे उघडतं? : बोगोटाचा आराखडा वाचताना

या वर्षी आपल्या वाङ्मय मंडळाच्या अभ्यासवर्गाचा विषय होता ‘शहर आणि साहित्य’. बहुतेकांनी कादंबऱ्या घेतल्या. मीही घेणार होते. गाब्रिएल गार्सिया मार्केझचं आठवणींचं पुस्तक (मूळ स्पॅनिशमधलं, २००२ सालचं) मी इंग्रजीतून वाचत होते आणि त्यातल्या एका तारखेपाशी अडकले : ९ एप्रिल १९४८. त्या दिवशी बोगोटा, म्हणजे कोलंबियाची राजधानी, पेटली. मार्केझ तेव्हा तिथे कायदा शिकत होता, निदान कागदोपत्री तरी. खरं तर तो कथा लिहीत होता, आणि दर रविवारी निळ्या काचांच्या ट्राममध्ये बसून कवितांची पुस्तकं वाचत शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होता. वय एकवीस. माझंही एकवीस. त्या दिवशी त्या ट्राम जळाल्या आणि तो राहत होता ते भाड्याचं वसतिगृहही जळालं. तो बोगोटा सोडून समुद्रकाठच्या कार्ताहेनाला निघून गेला.

पुस्तक त्याच्याबरोबर कार्ताहेनाला जातं. मी मात्र मागे बोगोटातच राहिले. जळालेल्या शहराचं पुढे काय झालं? ते कोणी, कसं उभं केलं? हे शोधता शोधता मला एक वेगळाच मजकूर सापडला : ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुरचनाकाराने बोगोटासाठी केलेला नगरविकासाचा आराखडा. स्पॅनिशमध्ये त्याला ‘प्लान पिलोतो’ म्हणतात. तो १९५० साली पूर्ण झाला. अभ्यासवर्गात मी हा विषय सांगितला तेव्हा मॅडम म्हणाल्या, “विषय चांगला आहे, पण याला साहित्य म्हणायचं का?” मी म्हटलं, “मॅडम, संहिता तर म्हणता येईल ना?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “वाचून दाखव, मग ठरवू.” तेच इथे करते आहे.

सुरुवातीलाच एक कबुली. माझा पहिला मसुदा साफ चुकला होता. त्यात मी लिहिलं होतं : शहर जळालं, मोकळी जागा झाली, म्हणून परदेशी तज्ज्ञ बोलावला आणि त्याने राखेवर नवं शहर आखलं. गोष्ट म्हणून हे किती छान बसतं! पण तारखा जुळत नाहीत. कॉर्बुझिए बोगोटाला पहिल्यांदा आला तो जून १९४७ मध्ये, म्हणजे आगीच्या दहा महिने आधी. तो तेव्हा न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयाच्या कामात होता. तिथे एदुआर्दो सुलेता आन्हेल या कोलंबियन मुत्सद्द्याशी त्याची ओळख झाली आणि त्यांच्या आमंत्रणावरून तो बोगोटाला गेला. साठीला टेकलेला माणूस, नाव जगभर झालेलं, पण अख्खं शहर आखायची संधी अजून कोणी दिली नव्हती. शहराचे महापौर फेर्नांदो मासुएरा यांनाही नव्या शहराची घाई होती. तेव्हा जुनं बोगोटा पाडावं ही इच्छा आगीच्या आधीपासूनचीच. आगीने तिला निमित्त पुरवलं.

आता शहराबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बोगोटा समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० मीटर उंचीवरच्या पठारावर आहे. पूर्वेला मोन्सेराते आणि ग्वादालूपे हे दोन डोंगर भिंतीसारखे उभे. पश्चिमेला सपाट मैदान. डोंगरातून ओढे आणि छोट्या नद्या खाली येतात आणि शहरातून मैदानाकडे जातात. १५३८ साली गोंझालो हिमेनेझ दे केसादा या स्पॅनिश माणसाने ते वसवलं. स्पॅनिश लोकांची शहर वसवायची एक ठरलेली पद्धत होती : मध्ये चौक, चौकाला लागून चर्च आणि सरकार, आणि भोवती पाटावरच्या घरांसारखे चौकोन. अशा एका चौकोनाला ‘क्वाद्रा’ म्हणतात. त्याची बाजू साधारण शंभर मीटर. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे थेट आपल्या देशात येणार आहे.

डोंगराला समांतर जाणारे रस्ते म्हणजे ‘कारेरा’ आणि डोंगराकडे चढणारे ते ‘काये’. आज सगळ्यांना आकडे आहेत. पूर्वी नावं होती. आजची कारेरा सात म्हणजे जुनी ‘काये रेआल’, सरळ मराठीत राजरस्ता. दुकानं, कॅफे, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, ट्राम, दुपारी कोपऱ्याकोपऱ्यावर गप्पा मारत उभे असलेले काळ्या सुटातले पुरुष, सगळं याच रस्त्यावर आणि त्याच्या आसपास. होर्हे एलिएसेर गायतान हा लिबरल पक्षाचा नेता, गरिबांचा लाडका, ९ एप्रिलला दुपारी एकच्या सुमारास जेवायला म्हणून कार्यालयातून खाली उतरला तो याच रस्त्यावर. दारातून बाहेर पडला आणि त्याला गोळ्या घातल्या. बातमी तोंडोतोंडी पसरली, जमावाने संशयिताला तिथेच मारलं आणि मग शहर पेटलं. शहरात तेव्हा अमेरिका खंडातल्या देशांची मोठी परिषद चालू होती, आणि क्युबाहून विद्यार्थ्यांच्या बैठकीसाठी आलेला एक तरुणही तिथे होता : फिदेल कास्त्रो. तोही एकवीस वर्षांचा. (एकविसाव्या वर्षी माणसं काय काय बघतात! मी आत्तापर्यंत बघितलेली सगळ्यात मोठी गर्दी म्हणजे परीक्षेच्या फॉर्मची रांग.)

आग शमल्यावर वर्षभराने, मार्च १९४९ मध्ये, करार झाला. शहराचा मूळ आराखडा कॉर्बुझिएने करायचा आणि त्यावरून तपशीलवार, नियमांसकट योजना होसे लुइस सर्ट आणि पॉल लेस्टर वीनर या जोडीने करायची. सर्ट स्पेनच्या यादवीनंतर देश सोडावा लागलेला कातालान माणूस. या दोघांचं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये, कॉर्बुझिएचं पॅरिसमध्ये. बोगोटात महापालिकेचं वेगळं कार्यालय उघडलं. त्याचं काम या तिघांना माहिती पुरवायचं. म्हणजे नकाशे, आकडे, फोटो बोगोटाहून जायचे आणि शहर आकाराला यायचं पॅरिसच्या एका लांबोळक्या खोलीत. कॉर्बुझिए १९४७ ते १९५१ या काळात पाच वेळा बोगोटाला गेला, हेही खरं. पण पाच वेळा जाणं वेगळं आणि पावसात ट्रामची वाट बघत उभं राहणं वेगळं.

त्या खोलीत दोन कोलंबियन तरुणही होते. रोहेलियो साल्मोना हा वास्तुकलेचा विद्यार्थी, १९४८ च्या दंगलीनंतर शिक्षण अर्धवट टाकून पॅरिसला आलेला. दुसरा हेर्मान साम्पेर. दोघांचाही या आराखड्याला हात लागला आहे. साल्मोनाचं नाव ध्यानात असू द्या.

आराखडा सप्टेंबर १९५० मध्ये शहराच्या हवाली झाला आणि एप्रिल १९५१ मध्ये १८५ क्रमांकाच्या हुकुमाने मंजूरही झाला. आता तो वाचू या.

वाचायचं कसं, हाच पहिला प्रश्न होता. मला नकाशा वाचता येत नाही. गुगल मॅपवरसुद्धा मी फोन फिरवत बसते. माझे मामा बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते, निवृत्त झालेत. त्यांना मी कॉर्बुझिएच्या नकाशांच्या प्रतिमा लॅपटॉपवर दाखवल्या. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “हात चांगला आहे माणसाचा.” मी विचारलं, “मामा, पण यात माणसं कुठे आहेत?” ते म्हणाले, “नकाशात माणसं काढत नाहीत गं. दार बघ. दार कुठं उघडतंय ते बघितलंस की माणूस कुठं असणार ते कळतं.” मला वाटतं, या लेखात मी जे काही शिकले ते या एका वाक्यावर शिकले.

आराखडा चार पायऱ्यांनी आत येतो. आधी आजूबाजूचा प्रदेश, मग महानगर, मग शहर, आणि शेवटी शहराचा गाभा, म्हणजे बोलीवार चौकाभोवतीचं ‘नागरी केंद्र’. कॅमेरा आकाशातून खाली यावा तसं. वाचक म्हणून मला हे आवडलं. पण हा कॅमेरा उतरता उतरता चौकापाशी थांबतो. घराच्या उंबऱ्यापर्यंत येत नाही.

आतलं तत्त्व कॉर्बुझिए आणि त्याच्या सहविचारी मंडळींनी आधीच ठरवलेलं होतं. माणूस शहरात चार गोष्टी करतो : राहतो, काम करतो, शरीर-मन ताजंतवानं करतो आणि ये-जा करतो. प्रत्येक गोष्टीला वेगळी जागा नेमून दिली की शहर सुरळीत चालेल. म्हणून बोगोटाच्या नकाशावर रंगांचे पट्टे आहेत : इथे घरं, इथे कारखाने, इथे कचेऱ्या, इथे हिरवळ. वाचायला सोपं आहे. पण मी कॅथलिक घरातली मुलगी, मला लगेच प्रश्न पडला की प्रार्थना यातल्या कोणत्या खान्यात टाकायची. बोगोटात रविवारी पहाटे कितीतरी माणसं मोन्सेरातेच्या माथ्यावरच्या चर्चला चालत चढून जातात. ते काय समजायचं, मन ताजंतवानं करणं की ये-जा? आणि रस्त्याच्या कडेला पाटीत फळं विकणारी बाई? ती काम करते आहे, पण ‘कामाच्या जागी’ नाही. गायतानची बातमी ऐकून कोपऱ्यावर थबकलेला माणूस चारपैकी काय करत होता?

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो रस्त्यांचा. कॉर्बुझिएने रस्त्यांचे सात प्रकार केले. फ्रेंचमधल्या रस्त्याच्या शब्दावरून त्यांना ‘व्ही’ हे अक्षर दिलं : व्ही-१ ते व्ही-७. रक्त मोठ्या धमनीतून लहान नसांत जातं तशी ही उतरंड आहे. व्ही-१ म्हणजे गावाबाहेरून येणारा महामार्ग. व्ही-२ शहरातला मोठा हमरस्ता. व्ही-३ हा वस्तीच्या एका मोठ्या चौकोनाला बाहेरून वेढा घालणारा, फक्त वेगाने जाणाऱ्या गाड्यांसाठी. व्ही-४ त्या चौकोनाच्या आतून जाणारी दुकानांची गल्ली. व्ही-५ आणि व्ही-६ आत आत शिरत घराच्या दारापर्यंत नेणारे. आणि व्ही-७ गाड्या अजिबात नसलेली हिरवी पट्टी, तिथे शाळा, मैदानं, चालायच्या वाटा.

मामांचं वाक्य इथे लावून बघा. व्ही-३ वर एकही दार उघडत नाही. तो नियमच आहे. सगळी घरं त्याच्याकडे पाठ करून बसतात. दारं उघडतात ती आत, व्ही-६ वर. म्हणजे शहरातले मोठे रस्ते दारांविना. आता जुनी काये रेआल आठवा : दारच दार, एकाला लागून एक. दारातून गायतान बाहेर पडला, दारांतून लोक धावत आले, दारं फोडून दुकानं लुटली गेली. चांगलंवाईट जे झालं ते दारांमुळे झालं.

यावरून दंगल होऊ नये म्हणून असे रस्ते आखले, असा निष्कर्ष काढायचा मोह मला झाला होता. तसं मी लिहिणार नाही, कारण नियम गाड्यांच्या वेगासाठी केलेला आहे. चालणाऱ्या माणसाला गाडीपासून वाचवावं हा त्यातला हेतू प्रामाणिकही आहे. रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरणाऱ्या कोणालाही व्ही-७ हवाहवासा वाटेल. तरी ज्या रस्त्यावर दार नाही तिथे कोणी कोणासाठी थांबत नाही, हे नकाशातच लिहिलेलं आहे. लेखकाने न लिहिलेलंही वाचायला आपल्याला वर्गात शिकवतातच की.

नागरी केंद्राबद्दल थोडक्यात सांगते. बोलीवार चौकातलं कॅथीड्रल आणि संसदेची इमारत ठेवायची, पण त्यांच्या भोवतीची जुन्या घरांची दाट वीण काढून मोकळी पटांगणं आणि उंच सरकारी इमारती उभ्या करायच्या, अशी कल्पना होती. चित्रं देखणी आहेत. चर्च वाचलं म्हणून मला आधी बरं वाटलं. मग विचार आला की आजूबाजूची घरं गेली तर मासला येणार कोण? योगायोग बघा, याच काळात बोगोटात कारेरा दहा नावाचा रुंद रस्ता जुन्या वस्तीतून आरपार काढला जात होता आणि १९५७ साली त्याच्यासाठी सांता इनेसचं जुनं चर्च पाडलं गेलं. तो रस्ता कॉर्बुझिएच्या आधीपासून ठरलेला होता, तेव्हा त्याचं पाप त्याच्या माथी मारू नये.

मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे ओढे. डोंगरातून येणारे ओढे आणि नद्या शहराने घाणीमुळे एकेक करून झाकून टाकल्या होत्या. सान फ्रान्सिस्को नदी तर हिमेनेझ अव्हेन्यूच्या खाली गाडली गेली होती. केसादाचंच नाव त्या रस्त्याला. कॉर्बुझिएने ओढ्यांचे काठ हिरवे पट्टे म्हणून धरले. डोंगरापासून मैदानापर्यंत बागा, त्यातून पाणी. तो पाच वेळा आला त्यात त्याने डोंगर नीट बघितले होते यात शंका नाही.

आणि आता तो आकडा, ज्याच्यामुळे मी रात्रभर जागले. आराखडा धरून चालतो की पुढच्या पन्नास वर्षांत, म्हणजे २००० सालापर्यंत, बोगोटाची लोकसंख्या पंधरा लाख होईल. तेवढ्यांसाठी शहराची हद्द आखली, घरं मोजली, रस्ते मोजले. शहर आटोपशीर ठेवायचं, मैदानावर पसरू द्यायचं नाही, हा हट्ट.

१९३८ मध्ये शहरात साधारण ३.३ लाख माणसं होती. १९५१ मध्ये सात लाखांच्या आसपास. आणि १९६४ च्या जनगणनेत जवळपास १७ लाख! पन्नास वर्षांचा अंदाज चौदा वर्षांच्या आत मागे पडला. २००५ मध्ये हा आकडा ६८ लाखांच्या घरात होता.

अंदाज चुकतात, त्यात काय एवढं, असं माझी मैत्रीण म्हणाली. पण ही माणसं आली कुठून ते बघा. गायतानच्या खुनानंतर आग शहरात काही दिवसांत शमली, गावांत शमली नाही. लिबरल आणि कॉन्झर्वेटिव्ह यांच्यातली मारामारी खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षं चालली. या काळाला कोलंबियात ‘ला व्हिओलेन्सिया’ म्हणतात, नुसतंच ‘हिंसा’. वेगळं नाव द्यायची गरजच वाटली नाही. त्यात सुमारे दोन लाख माणसं मेली असं सर्वसाधारणपणे मानतात. तोलिमा, बोयाका अशा भागांतले शेतकरी जीव वाचवायला घरदार सोडून राजधानीकडे आले. म्हणजे ज्या तारखेने शहर बदललं, त्याच तारखेने ही माणसंही शहराकडे ढकलली. आराखडा तयार होत होता तेव्हा ती वाटेवर होती. पॅरिसला गेलेल्या कागदांत जुन्या वाढीचे आकडे होते, नकाशे होते, पण रात्री गाव सोडून निघालेल्या कुटुंबाला खाना नव्हता.

माझा या आराखड्यावरचा खरा आक्षेप हा आहे. रस्ते सरळ की वाकडे, इमारती उंच की बुटक्या, यावर लोक वाद घालतात. मला वाटतं चूक मोजणीत होती : कोणाला मोजायचं.

आलेल्या माणसांनी मग आपलं शहर आपण बांधलं. दक्षिणेला आणि पश्चिमेला जमीनमालकांनी शेतांचे तुकडे पाडून, पाणी नाही, गटार नाही, परवाना नाही अशा अवस्थेत विकले. लोकांनी आधी एक खोली बांधली, पैसे साठले की दुसरी, आणि वरच्या मजल्याची आशा म्हणून छतावर सळ्या तशाच उभ्या सोडल्या. अशा वस्त्यांना तिकडे ‘चाच्या’ वस्त्या म्हणतात. गंमत म्हणजे त्या वस्त्यांत सगळी दारं रस्त्यावरच उघडतात.

आराखड्याचा अंत मात्र या वस्त्यांमुळे झाला नाही. तो सरकारी मार्गानेच झाला. जून १९५३ मध्ये जनरल रोहास पिनिया याने सत्ता हातात घेतली. १९५४ च्या अखेरीस आजूबाजूची उसाकेन, सुबा, एन्गातिवा, फोंतिबोन, बोसा आणि उस्मे ही सहा गावं बोगोटात घातली गेली आणि शहर ‘विशेष जिल्हा’ झालं. उत्तरेला महामार्ग, पश्चिमेला नवं सरकारी केंद्र, एल दोरादो विमानतळ, सगळं त्या आखलेल्या हद्दीच्या बाहेर. कायद्याने मंजूर असलेला आराखडा कपाटात गेला. कॉर्बुझिएची एकही इमारत बोगोटात नाही. म्हणून आजच्या बोगोटातल्या वाहतुकीच्या हालांबद्दल त्याला दोष देणारे लेख वाचले की मला हसू येतं. न घडलेल्या गोष्टीवर आपण फार सहज खापर फोडतो. माझ्या पहिल्या मसुद्यातही तेच होतं.

आता तो क्वाद्रा.

नोव्हेंबर १९५० मध्ये, बोगोटाचं काम नुकतंच हातावेगळं झालं असताना, भारतातून दोन अधिकारी पॅरिसमध्ये कॉर्बुझिएला भेटायला आले. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं होतं आणि पंजाबला राजधानी हवी होती. डिसेंबरमध्ये करार झाला आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये कॉर्बुझिए चंदीगडच्या जागेवर होता. तिथून परतल्यावर मे महिन्यात पुन्हा बोगोटा. दोन राजधान्या, दोन्हींच्या मागे ताजी हिंसा, आणि एकच टेबल. चंदीगडचं ‘सेक्टर’ आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ८०० मीटर बाय १२०० मीटरचा तो चौकोन ठरवताना स्पॅनिश क्वाद्राचं माप हाताशी होतं : आठ बाय बारा क्वाद्रा. सात रस्त्यांचा नियमही तोच, पुढे सायकलींसाठी आठवा रस्ता जोडला इतकंच. १५३८ साली एका स्पॅनिश माणसाने डोंगरपायथ्याला ज्या पद्धतीने शहर वसवलं, तिचं माप चार शतकांनी पंजाबात येऊन बसलं. वाङ्मयात आपण प्रभाव आणि अनुवाद यांबद्दल इतकं बोलतो, पण एका शहराचा दुसऱ्या शहरात असा अनुवाद झालेला मी तरी पहिल्यांदाच बघितला.

बोगोटात जे कागदावर राहिलं ते चंदीगडला उभं राहिलं, कारण तिथली जमीन ‘मोकळी’ होती असं म्हणतात. मोकळी म्हणजे गावं होती, ती सरकारने संपादित केली. मी चंदीगड पाहिलेलं नाही. वर्गातली एक मैत्रीण तिथे आत्याकडे जाऊन आली आहे. तिला विचारलं, मोठ्या रस्त्यावर दारं दिसतात का? ती जरा आठवून म्हणाली, “झाडं दिसतात. दारं नाही दिसत गं.”

शेवटी साल्मोनाबद्दल सांगायचं राहिलं. काही वर्षं पॅरिसमध्ये काढून तो बोगोटाला परतला. गुरूच्या काँक्रीटऐवजी त्याने बोगोटाची लाल वीट हातात घेतली. १९६५ ते १९७० या काळात सांतामारिया बुलरिंगच्या शेजारी त्याने ‘तोर्रेस देल पार्के’ हे तीन मनोरे बांधले. बुलरिंगभोवती वळसा घेत ते डोंगराकडे चढत जातात आणि खालच्या पायऱ्या, वाटा कुंपणाविना सगळ्यांसाठी खुल्या आहेत. त्या घरांत न राहणारा माणूसही तिथून जाऊ शकतो, पायरीवर बसू शकतो.

आणि विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी शहराने त्याला हिमेनेझ अव्हेन्यूचं काम दिलं. खाली गाडलेल्या सान फ्रान्सिस्को नदीची वळणं धरून त्याने त्या रस्त्यावर विटांची फरसबंदी केली, गाड्यांची गर्दी काढली आणि पाण्याची एक उथळ, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी वाट वर आणली. पन्नास वर्षांपूर्वी पॅरिसच्या खोलीत आखलेले ओढ्यांचे हिरवे पट्टे तो विसरला नव्हता की काय, मला माहीत नाही. ते पाणी डोंगराकडून खाली येतं आणि कारेरा सात ओलांडतं. गायतान ज्या दारातून जेवायला बाहेर पडला, ते तिथून काही पावलांवर आहे.